युरोपाचा बर्फ फुटतो कसा?

वाटाड्या

परवा गच्चीवर दुर्बीण लावली होती. गुरूच्या एका अंगाला तीन ठिपके, दुसऱ्या अंगाला एक. शेजारच्या काकांना बोलावलं, तर डोळा लावल्या लावल्या त्यांचा प्रश्न, "यातला पाण्याचा कुठला?" पाण्याचा म्हणजे गुरूचा चंद्र युरोपा. तो नेमका कुठला हे मलाही ॲप उघडून बघावं लागलं, पण काकांनी नंतर जे विचारलं त्यासाठी हा धागा.

युरोपा आपल्या चंद्राहून किंचित लहान, व्यास सुमारे ३,१२० किमी. वर बर्फाचं कवच, खाली खारा समुद्र, त्याखाली खडक. विषुववृत्तावरसुद्धा तापमान उणे १६० अंशांच्या आसपास. इतक्या थंडीत बर्फ म्हणजे कातळच. काका म्हणाले, "मग त्यावर एवढ्या रेघा कसल्या? कातळाला तिथे कोण चिरतं?"

रेघा १९७९ मध्येच व्हॉयेजर यानांच्या फोटोंत दिसल्या होत्या. मग गॅलिलिओ यान १९९५ ते २००३ गुरूभोवती फिरलं आणि जवळून फोटो आले. भेगांवर भेगा, भेगांना कापणाऱ्या भेगा, आणि आदळण्याची विवरं अगदी मोजकी. विवरं कमी म्हणजे पृष्ठभाग नवा. अंदाज ४ ते ९ कोटी वर्षांचा. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे दोघं साधारण एका वयाचे. बाकी सौरमाला साडेचारशे कोटींची.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपण सगळे खालच्या समुद्राच्या प्रेमात पडतो आणि वरच्या बर्फाला झाकण समजून मनातल्या मनात उचलून बाजूला ठेवतो. पण सगळी हालचाल त्या झाकणातच चालू आहे, आणि समुद्राबद्दल आपल्याला जे कळलंय त्यातलं बरंचसं बर्फाच्या वागण्यावरून कळलंय.

काकांना दिलेलं उत्तर थोडक्यात असं. युरोपा गुरूभोवती ३.५५ दिवसांत, म्हणजे ८५ तासांत फिरतो. कक्षा अगदी गोल नाही. आयो, युरोपा आणि गॅनिमीड या गुरूच्या तीन चंद्रांच्या फेऱ्या १:२:४ अशा जुळलेल्या आहेत, त्यामुळे ते एकमेकांना ठराविक जागी ओढत राहतात आणि कक्षा गोल व्हायला देत नाहीत. गुरू जवळ आला की युरोपा ताणला जातो, लांब गेला की सैलावतो. खाली समुद्र असेल तर दर ८५ तासांनी बर्फ सुमारे ३० मीटर वर-खाली होतो. दहा मजली इमारत उचलून ठेवावी तसा.

वरून तळापर्यंत सगळा बर्फच असता तर ही हालचाल जेमतेम मीटरभर झाली असती.

शंकासुर

लेख छान, पण ते "असेल तर" टोचलं. समुद्र कुणी पाहिलाय का? की रेघा दिसल्या म्हणून समुद्र, आणि समुद्र आहे म्हणून रेघा?

वाटाड्या

शंकासुरा, तुझ्याशिवाय धागा सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

रेघांचा पुरावा बाजूला ठेव, चुंबकाचा वेगळा आहे. गुरूचा चुंबकीय अक्ष त्याच्या फिरण्याच्या अक्षाशी सुमारे १० अंश कललेला आहे. त्यामुळे युरोपावरून पाहिलं तर गुरूचं चुंबकीय क्षेत्र साधारण दर अकरा तासांनी डोलतं. बदलत्या क्षेत्रात वीज वाहून नेणारी वस्तू ठेवली की तिच्यात प्रवाह उठतो आणि तिचं स्वतःचं उलटं क्षेत्र तयार होतं. मॉलच्या दारातल्या मेटल डिटेक्टरचं तत्त्व हेच. शास्त्रज्ञ मार्गारेट किव्हेलसन यांच्या गटाने भाकीत केलं होतं की आत खारं पाणी असेल तर गुरूचं क्षेत्र उलटं असताना युरोपाचंही उलटलेलं दिसलं पाहिजे. ३ जानेवारी २००० ला गॅलिलिओ यान बरोबर तशा वेळी जवळून गेलं. उलटलेलंच दिसलं. कायमचा लोहचुंबक असा दिशा बदलत नाही, आणि गोठलेला बर्फ इतकी वीज वाहत नाही.

शंकासुर

हे पटलं. आता ३० मीटरवाल्या भरतीने कातळ कसा चिरतो ते सांगा.

गोठलेला पुणेकर

इथे मी थोडा कामाचा आहे. मिनेसोटात बारा वर्षं झाली. इथली तळी डिसेंबरात गोठतात आणि लोक त्यावर पिकअप ट्रक नेऊन, खोकी उभारून मासे धरत बसतात. पहिल्या हिवाळ्यात रात्री तळ्याकाठी उभा होतो आणि बर्फातून आवाज आला. आधी "पीऽऽऊ" असा, जुन्या व्हिडिओ गेममधल्या बंदुकीसारखा, आणि मागोमाग पोटात घुमणारा "ढुम्". मी पळालोच. बरोबरचा गोरा म्हातारा हसत होता. रात्री पारा उतरला की बर्फ आकसतो, काठांना धरलेला असतो म्हणून मधे ताणून फाटतो. दुपारी उन्हात पसरतो तेव्हा दोन बाजू एकमेकींवर चढून कमरेएवढे बांध तयार होतात.

म्हणजे चिरायला राक्षसी ताकद लागत नाही. बर्फ दाबाला दांडगा, ताणाला अगदीच लेचापेचा. आपल्या खापराच्या कौलासारखा.

संध्यातारा

युरोपावर हे इतकं हळू होतं की विश्वास बसत नाही. त्या रेघांमध्ये काही कमानींच्या माळेसारख्या आहेत. एक कमान, टोक, दुसरी कमान, टोक, अशा शेकडो किलोमीटर. घराच्या उंबऱ्यापुढे एकापुढे एक अर्धगोल काढत जावं तशा. १९९९ मध्ये ग्रेगरी होप्पा आणि सहकाऱ्यांनी त्याचं गणित मांडलं. ताण वाढला की चीर धावू लागते. पण चंद्र फिरतोय, म्हणून ताणाची दिशा हळूहळू वळत जाते आणि चीरही तिच्यामागे वळते. मग ताण उतरतो, चीर थांबते. पुढच्या फेरीत ताण पुन्हा चढतो तेव्हा दिशा सुरुवातीचीच, त्यामुळे टोक पडतं आणि नवी कमान सुरू. एक कमान म्हणजे एक फेरी, ८५ तास.

आणि चिरेचा वेग? ताशी साधारण साडेतीन किलोमीटर. तुम्ही तिच्या शेजारून शतपावली करत जाऊ शकाल.

शंकासुर

शतपावली जेवल्यावर करतात, इथे चीरच जेवतेय.

मुद्दा असा की मीटरभर भरतीत या कमानी जमल्या नसत्या, म्हणून त्यासुद्धा समुद्राची साक्ष देतात. बरोबर? मग पुढचं. चीर पडली, खाली समुद्र आहे, तर पाणी भसाभस वर का येत नाही?

गोठलेला पुणेकर

कारण बर्फ तरंगतोय. तळ्यावर गिरमिटाने भोक पाडतात मासे धरायला. फूटभर जाड बर्फ आरपार पाडला की पाणी भोकात चढतं आणि वरच्या काठाच्या इंचभर खाली येऊन थांबतं. दरवेळी. बर्फाची घनता पाण्याच्या ९२ टक्के, म्हणून बारातलं एक इंच वर राहतं.

हाच हिशोब २० किमी जाडीला लावा. चीर आरपार गेली तरी पाणी पृष्ठभागाच्या दीड-दोन किलोमीटर खाली थांबेल. वर उसळी मारायला वेगळा दाब हवा.

वाटाड्या

वा! हे गिरमिटाचं मी उद्या काकांना ऐकवणार.

आता चीर किती खोल जाते तेही बघू. रोजच्या भरतीचा ताण फार तर आपल्या वातावरणाच्या दाबाएवढा, म्हणजे १०० किलोपास्कल धरा. खोल जाल तसं वरच्या बर्फाचं वजन भेगेच्या दोन भिंती मिटवू बघतं. युरोपाचं गुरुत्व पृथ्वीच्या साधारण साडेसातावा भाग. भागाकार केला तर ८०-८५ मीटरवरच वजन ताणाला गाठतं. ढोबळ हिशोब आहे, भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो तो यात धरलेला नाही, पण अंदाज येतो. नुसत्या भरतीने २० किमी आरपार चिरणं युरोपाला जड आहे.

आता तोच ताण शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावर लावा. तिथलं गुरुत्व युरोपाच्याही अकराव्या-बाराव्या भागाएवढं. उत्तर येतं जवळजवळ एक किलोमीटर. चंद्र लहान म्हणून भेग खोल.

मिरकरवाडा

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. आमचा रत्नागिरीत बर्फाचा कारखाना होता, वडिलांच्या वेळचा. मासळीवाल्यांना लाद्या पुरवायचो. खारं पाणी अमोनियाच्या यंत्राने शून्याच्या बरंच खाली नेतात, त्या टाकीत गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे लांब डबे उभे सोडतात. डब्यातलं पाणी बाहेरून आत गोठत येतं. भिंतीला लागून काचेसारखा बर्फ आणि मधे पाण्याची पोकळी, ती हळूहळू बारीक होत जाते. पाण्यात जे काही असेल, क्षार, हवा, कचरा, ते सगळं बर्फ पुढे ढकलत मधे आणून ठेवतो. म्हणून लादीचा गाभा पांढरा.

आणि शेवटचं पाणी गोठताना त्याला जागा पुरत नाही. पाण्याचा बर्फ झाला की आकार नऊ टक्क्यांनी वाढतो. वरचा पापुद्रा आधी धरला असेल तर मधून टेंगूळ येतं, नाहीतर लादी उभी तडकते. वडील नुसत्या आवाजावरून सांगायचे, अमुक रांगेतली गेली.

तुमचा चंद्र म्हणजे आमचा डबाच की, फक्त गोल. बाहेरून आत गोठतोय आणि मधे पाणी अडकलंय. मग भरतीशिवायसुद्धा तो फुटलाच पाहिजे.

संध्यातारा

मिरकरवाडा, तुम्ही इतके दिवस गप्प का होतात?

एन्सेलाडसच्या दक्षिण ध्रुवाचं जे स्पष्टीकरण मला सगळ्यात आवडतं ते अगदी हेच आहे. डग्लस हेमिंग्वे आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं. एन्सेलाडस केवढा? व्यास ५०४ किमी, मुंबई ते नागपूरच्या सरळ रेषेहूनही कमी. दक्षिण ध्रुवाशी चार समांतर भेगा, प्रत्येकी सुमारे १३० किमी लांब, एकमेकींपासून ३५ किमीवर. त्यांना वाघाचे पट्टे म्हणतात आणि नावं आहेत अलेक्झांड्रिया, कैरो, बगदाद, दमास्कस, कारण तिथल्या जागांना अरबी सुरस कथांमधली नावं द्यायची असं ठरलंय. २००५ मध्ये कॅसिनी यानाला या भेगांमधून वाफ आणि बर्फाचे कण उडताना सापडले.

स्पष्टीकरण असं: चंद्र थोडा थंडावतो, समुद्राचा थोडा भाग गोठतो, उरलेल्या पाण्याला जागा पुरत नाही, दाब वाढतो आणि कवच बाहेर ढकललं जातं. ध्रुवांवर भरतीची उष्णता जास्त, म्हणून तिथे कवच पातळ. फाटायचं तर तिथेच. दक्षिणेला आधी फाटलं, दाब सुटला, म्हणून उत्तर वाचली. चिठ्ठी टाकल्यासारखं, उलटंही झालं असतं. पहिली भेग बहुधा बगदाद. तिच्यातून उडालेला बर्फ दोन्ही काठांवर पडत राहिला, त्या भाराने कवच वाकलं आणि दोन्हीकडे ३५ किमीवर नव्या भेगा पडल्या.

गोठलेला पुणेकर

भार पडून बर्फ वाकणं रोजचं आहे इथे. जड हिमवर्षाव झाला की तळ्याचा बर्फ दबतो आणि जुन्या भोकांतून पाणी वर येऊन हिमाखाली चिखल होतो. ट्रक त्यात रुततात.

शंकासुर

पण गिरमिटाचा नियम तिथेही लागणार. पाणी काठाच्या खालीच थांबणार, मग फवारा कसा?

वाटाड्या

ध्रुवाशी कवच सुमारे ५ किमी धरलं तर पाणी चारेकशे मीटर खाली थांबतं. पण भेग वर उघडी आहे आणि बाहेर निर्वात आहे. उघड्या निर्वातात पाणी शून्य अंशालाच उकळतं. ती वाफ वर धावताना थेंब सोबत नेते, ते वाटेत गोठतात. म्हणजे कारंज्यापेक्षा झाकण उडालेल्या कुकरशी जवळचं नातं, फक्त बर्फगार.

भरतीही सोडत नाही. एन्सेलाडसची फेरी ३३ तासांची, आणि तो शनीपासून लांब असतो त्या सुमारास फवारा जास्तीत जास्त असतो. भेगा तेव्हा उघडतात. कॅसिनीच्या मोजणीत हे दिसलंय.

आजीचा चष्मा

वाचतेय. भौतिकशास्त्र दहावीला सोडलं, पण एक विचारते. सगळे ५ किमी, २० किमी म्हणताय, ते मोजलं कुणी? भोक पाडायला तर कुणी गेलं नाही.

संध्यातारा

आजी, उकडलेलं अंडं आणि कच्चं अंडं ओट्यावर फिरवून ओळखतो ना आपण? तसंच. एन्सेलाडस शनीकडे एकच तोंड करून फिरतो, पण फिरताना किंचित डुलतो. कॅसिनीच्या सात वर्षांच्या फोटोंवरून ते डुलणं मोजलं, ०.१२ अंश निघालं. कवच खडकाला चिकटलेलं असतं तर इतकं डुललं नसतं. म्हणजे कवच सुटं आहे, खाली सगळीकडे पाणी. हे २०१५ मध्ये कळलं. डुलण्यावरून आणि गुरुत्वाच्या मोजणीवरून जाडीचा अंदाज येतो, सरासरी २० ते २५ किमी, दक्षिण ध्रुवाशी सगळ्यात कमी.

युरोपाची गोष्ट मात्र भांडणाची आहे.

वाटाड्या

भांडण म्हणजे काय, दोन घराणी होती! ॲरिझोनाचे रिचर्ड ग्रीनबर्ग पातळ बर्फवाले. त्यांचं म्हणणं, बर्फ मोजके किलोमीटर, भेगा आरपार, समुद्र वर डोकावतो. दुसरे जाडवाले. त्यांच्यातल्या पॉल शेंक यांनी विवरांकडे बघितलं. लहान विवरं साधी, पण ३० किमीहून मोठी झाली की आकार बिघडतो आणि भोवती कड्यांवर कडी उठतात. म्हणजे तेवढा मोठा घाव खालच्या मऊ थराला जाणवतो. त्यावरून कवच किमान १९ ते २५ किमी.

मी जाड घराण्यात. माझ्यासाठी निर्णायक गोष्ट म्हणजे बर्फ एकच नाही. वरचे काही किलोमीटर कातळ, ठिसूळ. खाली समुद्राजवळ तापमान वितळण्याच्या आसपास, तिथला बर्फ घन असूनही हिमनदीसारखा सरपटतो. कवच पुरेसं जाड असेल तर तळाचा कोमट बर्फ फुगे धरून वर चढतो, थंड झालेला खाली उतरतो, घट्ट पिठल्याला मंद आचेवर येतात तसे. वरचा कातळ तेवढा स्थिर. शून्याखालच्या बर्फाला कोमट म्हटलं म्हणून हसू नका, उणे १६० च्या शेजारी तो कोमटच.

मग युरोपावरचे कोनामारासारखे प्रदेश समजतात. तिथे कवचाचे तुकडे सुटून सरकलेत, फिरलेत, तिरपे होऊन पुन्हा गोठलेत. फोटो कापून जुळवले तर कडा बसतात.

शंकासुर

जाडवाल्यांना एक टोमणा. दुहेरी कडे विसरलात. युरोपाभर दोन समांतर वरंबे आणि मधे सरी, ऊस लावायला घेतल्यासारखे. त्याला पाणी वरच लागतं ना?

संध्यातारा

वर लागतं, पण समुद्राचंच लागेल असं नाही. ग्रीनलंडच्या वायव्येला हुबेहूब तसा लहानसा जोडवरंबा सापडला, २०२२ मध्ये तो अभ्यास आला. बर्फात थोड्याच खोलीवर साठलेलं पाणी पुन्हा गोठताना फुगलं आणि दोन्ही बाजूंना बर्फ उचलला गेला, असं रडारवरून दिसलं. युरोपावरही तसं असेल तर कवचाच्या आतच पाण्याच्या खोल्या असणार. मिरकरवाड्यांचं टेंगूळच, फक्त दोन.

मिरकरवाडा

टेंगळाला इतका मान मिळालेला बघायला वडील हवे होते.

एक शंका. शनीचा मायमस म्हणून चंद्र आहे, त्याच्यातही समुद्र निघाला असं वाचलं. पण फोटोत तर एकही तडा दिसत नाही, नुसती विवरं.

वाटाड्या

जबरदस्त प्रश्न. मायमस ३९६ किमीचा, म्हाताऱ्यासारखा खड्डेदार चेहरा. २०२४ मध्ये व्हॅलेरी लेने यांच्या गटाने त्याच्या कक्षेवरून दाखवलं की २० ते ३० किमी बर्फाखाली समुद्र असावा, आणि तो जास्तीत जास्त अडीच कोटी वर्षांचा असावा. म्हणजे मायमस आत्ता वितळतोय. तुमचा डबा उलटा चालवा. बर्फाचं पाणी होताना आकार कमी होतो, दाब वाढायच्या ऐवजी उतरतो. बाहेर ढकलणारं कुणी नाही, म्हणून फाटायचं कारण नाही. गोठणारा चंद्र तडकतो, वितळणारा गप्प बसतो.

शंकासुर

हे मात्र साठवून ठेवतो. आता पुढे काय? जाड-पातळ भांडण मिटणार कधी?

वाटाड्या

नासाचं युरोपा क्लिपर यान १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालं, एप्रिल २०३० मध्ये गुरूजवळ पोचेल, आणि युरोपाजवळून ४९ वेळा जाईल, कधी कधी २५ किमीपर्यंत खाली. त्यावर बर्फात शिरणारं रडार आहे, दोन लहरींचं, ९ आणि ६० मेगाहर्ट्झ. थंड शुद्ध बर्फ रेडिओलहरींना काचेसारखा, कोमट आणि खारा बर्फ त्या गिळतो. युरोपीय अवकाश संस्थेचं जूस यानही गुरूकडे १४ एप्रिल २०२३ ला निघालंय, त्याच्यावरही असंच रडार. त्याचा १६ मीटरचा अँटेना उड्डाणानंतर उघडेचना, एक बारीक पिन अडकली होती. यान उन्हात धरून, हलवून, झटके देऊन महिन्याभराने सुटली. मिक्सरचं झाकण अडकल्यावर आपण करतो तेच.

संध्यातारा

मिरकरवाड्यांचं वाचून काल राहवलं नाही. स्टीलच्या वाटीत कोकम आगळ भरपूर पाण्यात मिसळून फ्रीझरमध्ये ठेवलं. आगळ खारं असतंच. दर अर्ध्या तासाने उघडून पाहिलं (वीजबिलाबद्दल घरी बोलणी बसली). आधी कडेने फिक्कट गुलाबी कडं धरलं, मग वर पातळ पापुद्रा. रंग मधे मधे सरकत गेला. रात्री अकराला पापुद्रा मधे उचललेला होता आणि एका बाजूला नखाएवढी चीर. चिरेतून गडद लाल रस वर येऊन बर्फावर पसरला होता, आणि तो काही केल्या गोठत नव्हता.

मिरकरवाडा

गोठणार नाही. सगळं मीठ त्यात उतरलं. कडेचा तुकडा आणि मधला, दोन्ही चाखून बघितलेत का?

संध्यातारा

बघितले. कडेचा जवळजवळ नुसतं पाणी. मधला जिभेला झोंबला.